शेकर सदतीसवरच राहील

मोगरा फ्रिजमध्ये ठेवला की काळा पडतो.

पिठाच्या खळीवर आयोडीन ओतलं की ती निळी होते. जिथे पीठ कुणी खाऊन टाकलेलं असतं, तिथे होत नाही.

ऑटोक्लेव्हच्या चिकटपट्टीवर आधी रेघा नसतात. वाफेत तापून निघाली की तिरक्या काळ्या रेघा उमटतात.

साखरपुड्याला आलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात मुलीकडचाच गजरा हवा, असं चांदूरकरांकडे मानतात. बाकी कुणी मानत नाही.

हात लावू नये. वा. दे.

अकोला, एप्रिल. दाराची कडी रुमालाने धरायची.

जीवाणूला घाई असते.

*

"सर, एकदा अठरावर करून बघू का?"

देशकर सर बशीत चहा ओतत होते. सर थांबले. चहा थांबला नाही.

"किती?"

"अठरा. नाहीतर वीस."

"बोंडे, ई. कोलाय राहते कुठं?"

"आतड्यात, सर."

"आतड्यात किती असते?"

"सदतीस."

"मग? त्याच्या घरी सदतीस, अन् तू त्याले अठरावर नेऊन बसवतेस? तुला उद्या काश्मीरला नेलं अन् म्हटलं, बस इथं थीसिस लिहित, तर लिहिशील?"

"एप्रिलात लिहीन, सर."

मागे गावंडेदादा हसला आणि लगेच नळ सोडून हात धुवायला लागला. शेषराव गावंडे माझ्या आधीपासून सरांकडे पीएच.डी. करत होता. ती संपवायची त्याला घाई नव्हती. जीवाणूशास्त्र विभागात घाई नसलेला तेवढा एकच.

सर उठले, शेकरपाशी गेले आणि झाकणावरच्या कागदावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. अक्षर त्यांचंच होतं. *शेकर सदतीसवरच राहील.*

शेकर म्हणजे एक मोठी पेटी. आत काचेचे फ्लास्क चिमट्यांत बसवायचे, झाकण लावायचं. मग पेटी त्यांना ठरवलेल्या तापमानाला गोल गोल हलवत राहते. हलवलं नाही तर तळाच्या जीवाणूंना हवा मिळत नाही. आमची पेटी गरमही करायची आणि गारही करायची. गार करायचं बटण कुणी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं.

*

नक्कल

मूळ जनुक कुणाच्या हातात देत नाहीत. तहसील कचेरीसारखंच आहे. आधी नक्कल निघते, मग ती नक्कल घेऊन काम होतं.

माळ

नक्कल वाचत वाचत एक यंत्र अमिनो आम्लं ओवत जातं. ही माळ म्हणजेच प्रथिन. यंत्र लहान आहे, आणि जीवाणूत अशी हजारो आहेत. सगळी एकदम ओवतात.

बाहेर

आमचं प्रथिन बाहेर जाणारं होतं. सरांना ते पापड करणाऱ्या बायकांच्या मोरीतल्या एका जीवाणूत सापडलं होतं. तो मोरीत बसून धुवणाच्या पाण्यातलं पीठ खायचा. त्याचं जनुक काढून आम्ही ई. कोलायमध्ये घातलं, म्हणजे ते प्रथिन भरपूर मिळेल आणि कापडाची खळ काढायला वापरता येईल. सरांचं ते स्वप्न होतं. पण ही माळ सुटी, सरळ असतानाच आतल्या भिंतीतल्या छिद्रातून बाहेर ओढावी लागते.

घडी

माळेची घडी पडायची ती बाहेर गेल्यावर. आधी नाही.

आमच्याकडे माळ आतच गुंतायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीवाणू साबुदाणा गिळल्यासारखा दिसायचा, पोटात चकचकीत पांढरा गोळा. खळीच्या प्लेटवर त्यांचा ठिपका ठेवून आयोडीन ओतलं की प्लेट काठापासून काठापर्यंत निळी. कुणी पिठाला तोंडही लावलेलं नाही.

"तुया जीवाणूले पोटात गोळा आला," गावंडेदादा म्हणायचा. "ओवा दे त्याले."

सोमवारी पुण्याहून समिती येणार होती. प्लेटवर खळ खाल्ल्याचं एक तरी पांढरं कडं दिसलं नाही तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद म्हणजे माझी फेलोशिप बंद, आणि फेलोशिप बंद म्हणजे दर्यापूर. तिथे काकांचं कृषी सेवा केंद्र होतं आणि काकांनी माझ्यासाठी खुर्चीही आणून ठेवली होती. फिरती. फिरती खुर्ची घेतली, असं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं.

*

डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र वनस्पतिशास्त्र विभागाचं. त्यामुळे पाणी आणायला चांदूरकर मॅडमकडे जावं लागे. सर आणि मॅडम याच पाण्यावरून दर आठवड्याला भांडत. सर म्हणत, मॅडम पाणी मोजून देतात. मॅडम म्हणत, वामनराव त्या पाण्याचा चहा करतात. दोघंही खरं बोलत. दोघंही पन्नाशीचे, दोघंही एकटे, आणि भांडणाचा वार चुकला तर दोघंही दिवसभर चिडचिडे.

त्या गुरुवारी मी कॅन यंत्राखाली लावला आणि रडगाणं सुरू केलं.

"ऐकतच नाहीत, मॅडम. सदतीस म्हणजे सदतीस."

"वामनराव कुणाचं ऐकतात का?"

"तुमचं तरी?"

"माझं तर मुळीच नाही. मी छत्री घ्या म्हटलं की पावसात उभे राहतील." मॅडम बियांच्या पुड्या थंड कपाटात लावत होत्या. "अठराने काय होतं पण?"

"मरत नाहीत, हळू होतात. माळ सावकाश ओवली जाते. मग ती गुंतायच्या आत बाहेर ओढायला वेळ मिळतो."

"अठराच?"

"अठरा."

"अन् फ्लास्क कधी लावशील?"

"शनिवारी दुपारी."

"भर कॅन," मॅडम म्हणाल्या. "आज मोजत नाही."

*

शनिवारी मी फ्लास्क लावले. जीवाणू पुरेसे वाढल्यावर त्यांत ते रसायन घातलं, ज्याचा अर्थ जीवाणूच्या भाषेत 'काढा नकला' असा होतो. झाकण लावलं. सर केबिनच्या दारात.

"किती?"

"सदतीस, सर."

"शाब्बास. जा आता. उद्या ये."

सरांनी मला कधी घरी जा म्हटलं नव्हतं. मी गेले.

*

रविवारी सकाळी दार उघडलं आणि वाटलं, चुकीच्या इमारतीत आले.

आमच्या प्रयोगशाळेला एक वास होता. ई. कोलायचा. त्याचं वर्णन करत नाही, तो आतड्यात राहतो एवढं पुरे. त्या दिवशी तो वास नव्हता. मोगऱ्याचा होता. कूलर बंद, खिडक्या बंद, आणि कोंडलेला, घमघमाट सुटलेला मोगरा.

शेकरवर आकडा होता अठरा.

मी झाकण उघडलं. माझे फ्लास्क जागेवर होते, फिरत होते. पण त्यांच्या मागे, जिथे काल मोकळे चिमटे होते, तिथे मोठे रुंद फ्लास्क. तोंडाला अॅल्युमिनियमची फॉइल, फॉइलवर ऑटोक्लेव्हची पट्टी, काळ्या रेघांची. सर वापरलेली पट्टी टाकत नसत. सोलून ठेवत आणि पुन्हा चिकटवत. पट्टीवर पेनाने: *हात लावू नये. वा. दे.*

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं, असं वाटलं.

सर स्वतः अठरावर करून बघत होते. मला काश्मीर सांगून, माझ्या पाठीमागे, माझीच कल्पना. सोमवारी समितीपुढे उभे राहतील आणि म्हणतील, आम्ही तापमान कमी केलं. आम्ही म्हणजे ते.

झाकण हातात धरून मी उभी, आणि दारात सर. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात कापडी पिशवी. कपाळावर घाम.

"तू? एवढ्या सकाळी काय करून राहिली?"

"तुम्हीच उद्या ये म्हणालात, सर."

"उद्या म्हणजे सकाळीच का?"

"सर, शेकर अठरावर आहे."

"लाइट गेली असंल."

"लाइट गेली तर तापमान वाढेल, सर. बाहेर चव्वेचाळीस आहे."

सरांनी यावर विचार केला. "यंत्र आहे," ते म्हणाले. "यंत्राचा काय भरवसा."

"आणि हा वास?"

"कसला?"

"मोगऱ्याचा."

सरांनी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला. चेहरा हळूहळू प्राध्यापकाचा झाला.

"इंडोल," ते म्हणाले. "ई. कोलाय इंडोल बनवते, माहीत आहे ना? परीक्षेला लिहिलं असंल. जास्त असला की घाण येते. अगदी थोडा असला की फुलासारखा येतो. मोगऱ्यात तोच असते. तापमान घसरलं, इंडोल कमी झाला, वास बदलला. निरीक्षण चांगलं आहे तुझं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मोगऱ्यात इंडोल असतो. आतड्यातही असतो. मी चोरीच्या रागाने पेटलेली असूनही प्रभावित झाले.

सरांनी आपले फ्लास्क एकेक करून काढले. बारशाचं बाळ घ्यावं तसे, खाली हात देऊन. पिशवीत ठेवले आणि निघाले.

"माझे फ्लास्क काय करू, सर?"

"टाकून दे," ते जिन्यावरून म्हणाले. "नाहीतरी गोळेच असतील."

*

गावंडेदादा कचोऱ्या घेऊन आला आणि दारातच थबकला.

"कोणाचं लगन लागलं बे इथं?"

"इंडोल आहे तो."

"काय आहे?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कचोरीचा तुकडा मोडून ऐकून घेतलं.

"म्हणजे आपले जीवाणू इतके वर्षं गटारासारखे वासले, अन् आज त्यायले फुलं आली."

"शास्त्र आहे, दादा."

"शास्त्र हाय ते पटलं. पण हा वास मले माया बहिणीच्या लग्नात आला होता. तिथं ई. कोलाय नव्हते. म्हणजे असतील, पण आतून."

मग मी त्याला फ्लास्कचं सांगितलं. फॉइल, पट्टी, वा. दे., पिशवी. तो पहिल्यांदा गंभीर झाला.

"तुले काय वाटते? सरनं तुई आयडिया उचलली?"

"मग दुसरं काय? टाकून दे म्हणाले मला. का टाकून दे म्हणाले? पुरावा राहू नये म्हणून."

"टाकले का?"

"नाही."

"मग रडून काहून राहिली? सरचं अठरा अन् तुये जीवाणू. रात्रभर एकाच पेटीत होते." त्याने हात पँटला पुसले. "आण इकडं. प्लेट मी ओततो. उद्या सरच्या आधी तू बोल."

आम्ही खळीच्या प्लेटवर ठिपके ठेवले. डावीकडे जुने, सदतीसवाले. उजवीकडे अठरावाले. खाली नाव टाकलं: मं. बोंडे. ठळक. दोनदा गिरवून.

*

सोमवार. आयोडीन.

डावीकडे निळं. उजवीकडेही निळं, आणि मग त्या निळ्यात ठिपक्याभोवती एक स्वच्छ, पांढरं, गोल कडं. बांगडीएवढं नाही. अंगठीएवढं.

गावंडेदादाने प्लेट उचलून खिडकीकडे धरली आणि पलीकडचं लिंबाचं झाड त्या कड्यातून पाहिलं.

"बाहेर आलं बे," तो शेवटी म्हणाला. "बाहेर येऊन जेवून राहिलं."

*

समितीत तिघं. पुण्याचे डॉ. परचुरे, मार्गदर्शक म्हणून देशकर सर, आणि दुसऱ्या विभागाचा सदस्य हवा या नियमाने चांदूरकर मॅडम. मॅडम शेवटी आल्या, गर्द हिरव्या साडीत. मी प्लेट टेबलावर ठेवली आणि ठरवलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

परचुरेच आधी बोलले. "देशकर, गेल्या वर्षी तर सगळे गोळे होते. काय बदललंत?"

"तापमान," मी म्हणाले. माझा आवाज उगाच चढला. "सदतीसऐवजी अठरा. आणि सर, ही अठराची कल्पना…"

"तिची," सर म्हणाले.



"माझा विरोध होता," सर पंख्याकडे बघत म्हणाले. "मी लेखी विरोध केला होता. शेकरवर अजून चिकटवलेला आहे."

"मग केलं कसं हिने?"

"झालं."

"झालं म्हणजे?"

"म्हणजे हळू ओवलं, परचुरे," सर घाईने म्हणाले आणि दोन्ही हात वर करून दाखवायला लागले. "एकेक कळी… एकेक अमिनो आम्ल, सावकाश, दोऱ्याला झोल न देता. घाई केली की गाठ बसते. बसली की सुटत नाही. मग तो गजरा फेकूनच द्यावा लागतो."

सर वर्गात प्रथिनाला नेहमी सायकलची साखळी म्हणत. अकोल्यातल्या तीन पिढ्या त्या साखळीवर पास झाल्या होत्या. गजरा कुठून आला?

मॅडम प्लेट पाहायला टेबलावर वाकल्या. त्यांच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा होता, दोन दिवसांचा असूनही टवटवीत. गजऱ्याची टोकं दोऱ्याने बांधलेली नव्हती. पट्टीने चिकटवलेली होती. पट्टीवर तिरक्या काळ्या रेघा.

मी पट्टीकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडेच पाहत होते. पंखा बंद होता.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं.

"सर, आणखी एक निरीक्षण आहे," मी परचुऱ्यांना म्हणाले. "अठरावर जीवाणूंना मोगऱ्याचा वास येतो."

देशकर सरांना ठसका लागला.

"मोगऱ्याचा?"

"इंडोल कमी झाल्यामुळे. देशकर सरांचं तसं मत आहे."

परचुऱ्यांनी माझा फ्लास्क उचलला, कापसाचा बोळा काढला आणि शास्त्रज्ञाला शोभेल असा खोल श्वास घेतला. मग फ्लास्क लांब धरला.

"मला तर नेहमीचीच घाण येतेय." त्यांनी डोकं वळवलं, हवेत हुंगलं. "आणि या बाजूने मोगरा येतोय खरा."

"येणारच," मॅडम म्हणाल्या. "मी घातलाय."

दाराशी उभा असलेला गावंडेदादा बाहेर गेला. व्हरांड्यातून खोकल्यासारखं काहीतरी बराच वेळ ऐकू येत राहिलं.

"भाचीचा साखरपुडा होता काल," मॅडम शांतपणे सांगत होत्या. "आमच्याकडे आलेल्या प्रत्येकीला गजरा लागतो. फ्रिजमध्ये काळे पडतात. आमचं अठराचं कपाट शुक्रवारीच बंद पडलं. वामनरावांना म्हटलं, ठेवाल का? ठेवले त्यांनी. फक्त वामनराव, पेटी हलत कशाला ठेवलीत? सगळे गजरे रात्रभर गरगर फिरले. दोघींच्या डोक्यात नुसता दोरा."

"हलणं बंद कसं करणार?" सर एकदम म्हणाले. "हिचे फ्लास्क होते ना आत. गुदमरले असते."



परचुऱ्यांनी पेन काढलं, शेऱ्यात लिहिलं, 'दोन विभागांतील सहकार्य विशेष उल्लेखनीय', आणि चहा मागवला. प्रकल्प चालू राहिला. दर्यापूरची फिरती खुर्ची काकांनी स्वतः वापरायला घेतली.

*

परचुरे गेल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर बशीतला चहा फुंकत होते.

"सर, तुम्ही मॅडमना नाही म्हणू शकला असता."

"हो."

"माझा सोमवार होता."

"सदतीसवर तुझा सोमवार कसा गेला असता, मला माहीत होतं. तुलाही होतं."

"मग आधीच का नाही करू दिलंत?"

सरांनी चहा प्यायला. बराच वेळ प्यायला, बशी रिकामी झाल्यावरही.

"इतकी वर्षं दर आठवड्याला मी त्यांच्याकडे पाणी मागतो," ते म्हणाले. "त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. अठरा म्हटलं त्यांनी. अठरा केलं."

मग आवाज चढवला. "अन् ते इंडोलचं बरोबर आहे. तपासून घे पुस्तकात."

दुसऱ्या दिवशी शेकरवरचा कागद गेला होता. नवीन लागला नाही. पण त्यानंतर माझी पीएच.डी. होईपर्यंत, आणि ऐकलं त्याप्रमाणे त्याही नंतर, उन्हाळ्यात दर शनिवारी एका कोपऱ्यातल्या चिमट्यात फॉइल लावलेला एक रुंद फ्लास्क असे. वा. दे. कुणी हात लावत नसे. कुणी विचारलंच तर गावंडेदादा सांगे, "इंडोल हाय."

आमच्या शोधनिबंधात शेवटी तीन ओळी आभार आहेत. पहिले डॉ. कुमुद चांदूरकर यांचे, तापमानासंबंधी सूचनेबद्दल. हे वाक्य सरांनी स्वतः घातलं, आणि मी त्याला तेव्हा सरांचा खोडसाळपणा समजले.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "मॅडम, मला एकदा अठराचं खरं सांगा."

"खरं काय सांगायचं त्यात?" त्या म्हणाल्या. "कपाट बंद पडलं होतं."

त्या शनिवारी सकाळी, फ्लास्क लावायच्या आधी, मी पाणी आणायला वनस्पतिशास्त्र विभागात गेले होते. मॅडमनी त्याच कपाटातून काढून मला टरबुजाची एक फोड दिली. फोड गार होती.